९ एमएमवरून .४५ वर: प्रोग्रेसिव्ह रिलोडिंग प्रेसचं कॅलिबर बदलायचं कसं

प्रोग्रेसिव्ह रिलोडिंग प्रेस म्हणजे झाडून झालेल्या रिकाम्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) नवा प्राइमर (ठिणगी देणारी बुडाची टोपी), पावडर आणि बुलेट बसवून काडतूस तयार करणारं यंत्र. तो विकणारा सांगतो, "कॅलिबर बदलायला पंधरा मिनिटं पुरतात." खोटं नाही ते. शेलप्लेट (केसची बुडं धरून फिरणारी चकती) काढा, दुसरी घाला, टूलहेड (डाय लावलेला वरचा ठोकळा) सरकवा, झालं. सोऱ्यातली शेवेची चकती काढून चकलीची बसवण्यासारखंच काम. पण सोऱ्यात मागचं पीठ राहिलं तर चकली थोडी वेगळी लागते, इथे मागची पावडर राहिली तर पिस्तुलाची नळी फुटते. म्हणून पान्याचं काम पंधरा मिनिटांचं असलं तरी आधीचं सगळं बाहेर काढायला आणि नव्याचं सगळं पुन्हा मोजायला सकाळ मोकळी ठेवा. या लेखात भर त्यावरच आहे.

लेख अमेरिकेत राहणाऱ्या अशा मंडळींसाठी आहे, ज्यांच्या प्रेसवर ९ एमएम नीट चालू आहे आणि आता पहिल्यांदाच दुसरं कॅलिबर लावायचं आहे. उदाहरण डिलन कंपनीच्या आरएल ५५० या प्रेसचं घेतलं आहे: चार स्टेशनं (कामाचे थांबे), शेलप्लेट हाताने फिरवायची. नवशिक्यांकडे बहुधा हीच असते, आणि आत काय चाललंय ते तिच्यावर डोळ्यांना दिसतं. ९ एमएमवरून .४५ एसीपी निवडण्यामागे कारण आहे. या जोडीत शेलप्लेट, लोकेटर पिन (केस जागेवर अडवणाऱ्या खुंट्या), फनेल (पावडर केसमध्ये सोडणारी नळी), डाय (केस-बुलेटवर काम करणारे साचे) आणि प्राइमरचा आकार असं सगळंच बदलतं. हा बदल जमला की .३८ स्पेशलवरून .३५७ मॅग्नमवर जाणं किरकोळ वाटेल, कारण त्या दोघांची शेलप्लेट एकच असते.

आधी कायद्याचं बघा

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्य पातळीवर परवाना लागत नाही. विकायची म्हटलं की लागतो, त्याला टाइप ०६ एफएफएल (संघराज्याचा शस्त्रविषयक परवाना) म्हणतात. मित्राला "पितळ तुझं, मजुरी माझी" म्हणून पैसे घेऊन भरून देणंही या भानगडीत येऊ शकतं, तेव्हा टाळा.

आपल्या लोकांसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. एच-१बी, एफ-१, एल-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसा असणाऱ्यांना बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. आणि या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. पितळी केस, प्राइमर, बुलेट आणि पावडर हे सुटे भागही त्याच व्याख्येत येतात. "बंदूक मित्राची आहे, माझ्याकडे नुसता प्रेस आणि सामान" हा बचाव चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजवरच्या काकांना नको. राज्यांचे नियमही वेगवेगळे आहेत, तेही पाहून घ्या.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्या नेमबाजांसाठी: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. हे घरी करून बघण्याचं काम नव्हे.

काय काय लागेल

- .४५ एसीपीचा कन्व्हर्जन किट. ५५० साठी त्यात शेलप्लेट, तीन लोकेटर पिन आणि पावडर फनेल असतं.
- .४५ च्या डाय: साइझिंग (केस पुन्हा मापात आणणारी), सीटिंग (बुलेट बसवणारी), क्रिंप (केसचं तोंड आवळणारी).
- रिकामं टूलहेड आणि त्यात लावायची पावडर डाय.
- मोठ्या प्राइमरचं सामान. बहुतेक वेळा प्रेससोबतच लहान-मोठं दोन्ही येतं. खोक्याच्या तळाशी राहिलेली पिशवी शोधा.
- ॲलन कीचा संच आणि डायच्या लॉक रिंगसाठी पाना.
- कॅलिपर, पावडरचा काटा आणि काटा तपासायची प्रमाण वजनं.
- बुलेट पुलर, म्हणजे चुकलेलं काडतूस पुन्हा सुटं करायचा हातोडा.
- .४५ चा केस गेज (काडतूस मापात आहे का ते पाहायचा साचा), किंवा तुमच्या पिस्तुलाची काढून ठेवलेली नळी.
- डोळ्यांचा चष्मा, केसच्या आत उजेड पाडणारा दिवा, ब्रश.
- पावडर बनवणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेला लोड डेटा (किती पावडर घालायची त्याचे आकडे), तुमच्या बुलेटच्या वजनाचा आणि प्रकाराचा.

टूलहेडबद्दल माझं मत ठाम आहे: प्रत्येक कॅलिबरला वेगळं घ्या. डाय एकदा नीट लावल्या की त्या टूलहेडमध्येच राहतात आणि पुढच्या वेळी फक्त तपासणी उरते. एकाच टूलहेडमधून डाय काढ-घाल करणारे लोक दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात आणि कंटाळून तपासणीवरच काट मारतात. पावडर मेझर (पावडर मोजून टाकणारा भाग) मात्र प्रत्येकाला वेगळा घ्यायची घाई नको. दोन स्क्रू सैल केले की तो एका पावडर डायवरून दुसरीवर जातो.

लोड डेटा कुठून घ्यायचा, याबद्दल तडजोड नाही. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला आकडा वापरू नका. या लेखातही पावडरचा एकही आकडा मुद्दाम दिलेला नाही.

१. पितळ आधी निवडून घ्या

कॅलिबर बदलताना जाम होण्याचं पहिलं कारण प्रेस नसतो, डब्यातलं पितळ असतं. रेंजवरून गोळा केलेल्या .४५ च्या केसमध्ये ९ एमएमची किंवा .४० ची केस आत शिरून बसलेली सापडते. वरून दिसत नाही. साइझिंग डायमध्ये गेली की हँडल मध्येच थांबतं.

.४५ मध्ये आणखी एक खोच आहे. पूर्वापार .४५ एसीपीला मोठा पिस्तूल प्राइमर लागतो, पण काही कंपन्या याच केस लहान प्राइमरच्या खाचेसह बनवतात. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारख्या. मोठा प्राइमर लहान खाचेत जात नाही, आणि हँडल अडलं की माणूस जोर लावतो. प्राइमर हा चिरडला की पेटणारा पदार्थ आहे, त्यामुळे इथे जोर लावणं म्हणजे संकटाला आवतण. केस उलट्या करून ट्रेमध्ये मांडा, बुडं वर. लहान प्राइमरवाल्या लगेच उठून दिसतात. त्या वेगळ्या डब्यात टाका, फेकू नका. प्रेसवर लहान प्राइमरचा संच लावलेला असेल तेव्हा त्याही भरता येतात.

धुतलेलं पितळ पूर्ण वाळलेलं हवं. कोरड्या टंबलरची (पितळ घासून साफ करणाऱ्या यंत्राची) धूळ घरात उडवू नका. वापरलेल्या प्राइमरच्या अवशेषात शिसं असतं आणि ते त्या धुळीत उतरतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, बाकावर चहा-बिस्किटं ठेवायची नाहीत, लहान मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

२. प्रेस पूर्ण रिकामा करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि हाच लोक उरकतात.

पहिल्यांदा शेलप्लेटवरच्या अर्धवट केस संपवा किंवा काढून घ्या. पावडर घातलेली पण बुलेट न बसवलेली केस असेल तर पावडर परत ओता. "नंतर बघू" म्हणून अशी केस बाकावर उभी करून ठेवू नका.

मग पावडर. हॉपरमधली (मेझरवरच्या भांड्यातली) पावडर तिच्याच मूळ डब्यात परत जायला हवी. डबा कोणता याबद्दल कणभरही शंका असेल तर ती पावडर वापरायची नाही. यासाठी बाकावर एका वेळी एकच पावडरचा डबा ठेवायचा, दुसरा कपाटात बंद. दोन पावडरी दिसायला इतक्या सारख्या असतात की वासावरून, रंगावरून ओळखू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. हॉपर उलटा केल्यावरही पावडर बारच्या (मात्रा मोजणाऱ्या सरकत्या पट्टीच्या) पोकळीत आणि फनेलमध्ये थोडी उरते. केस खाली धरून मेझर काही वेळा चालवा, नंतर ब्रश फिरवा. ९ एमएम आणि .४५ ला एकच पावडर वापरणार असाल तरीही हॉपर रिकामा करा, कारण मेझरची मात्रा आता बदलणार आहे.

शेवटी प्राइमर. उत्तम मार्ग म्हणजे ९ एमएमच्या शेवटच्या फेरीत हिशेबाने प्राइमर भरायचे आणि संपू द्यायचे. राहिलेच तर प्रेसच्या पुस्तिकेतल्या क्रमाने नळी काढा, खाली ट्रे धरून. नळी उचलली की उरलेले प्राइमर खालून सांडतात आणि एखादा बाकाखाली जाऊन बसतो. प्राइमर उचलून नेणाऱ्या कपात एक हमखास अडकलेला असतो, तिथे दिवा मारून बघा. नळीत अडकलेला प्राइमर काडीने, तारेने ठोसायचा नाही. एका नळीत शंभर प्राइमर एकावर एक उभे असतात. एक पेटला तर बाकीचे वाट बघत नाहीत. नळीभोवती पोलादी कवच असतं ते याचसाठी.

मोकळा झालेला लहान प्राइमरचा डबा, ९ एमएमच्या बुलेट, ९ एमएमचं पितळ, सगळं बाकावरून हलवा. नवं सामान त्यानंतरच आणायचं.

३. टूलहेड आणि शेलप्लेट

पावडर मेझरला परत खेचणारी फेलसेफ दांडी आधी सोडवा. स्प्रिंग आणि निळा विंग नट हरवायला एक क्षण पुरतो, डबीत ठेवा. टूलहेडच्या दोन पिना ओढल्या की टूलहेड पुढे सरकून बाहेर येतं. ९ एमएमचं टूलहेड डायसकट कपाटात. डायना हात लावू नका.

तिन्ही लोकेटर पिना काढा. शेलप्लेटच्या बोल्टला अडकवून ठेवणारा छोटा सेट स्क्रू आधी सैल करा, मग बोल्ट. सेट स्क्रू तसाच ठेवून बोल्टवर ताकद लावली तर आटे खराब होतात. शेलप्लेट निघाली की खालचा भाग पुसून काढा. तिथे प्राइमरची काजळी, पावडरचे कण आणि पितळाचा चुरा साचलेला असतो. जिथे वंगण सांगितलंय तिथे थेंबभर द्या. प्राइमर जिथून सरकतात त्या वाटेवर तेल नको, तेलाने प्राइमर निकामी होतात.

नवी शेलप्लेट बसवताना तिच्यावर कोरलेला क्रमांक किटच्या कागदाशी जुळवा. पुढचं काम हाताच्या अंदाजाचं आहे. बोल्ट इतका आवळा की प्लेट फिरेनाशी होईल, मग अगदी थोडा, आठव्या हिश्श्याएवढा फेरा मागे घ्या, जेणेकरून प्लेट मोकळी फिरेल पण वर-खाली डुगडुगणार नाही. याच जागी सेट स्क्रू आवळा आणि आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा. प्लेट सैल राहिली तर प्राइमर पूर्ण आत बसत नाहीत. घट्ट राहिली तर ती झटक्याने फिरते आणि केसमधली पावडर बाहेर उडते.

लोकेटर पिना लावून प्रत्येक स्टेशनवर .४५ ची केस सरकवून पाहा. सहज जायला आणि सहज निघायला हवी.

४. प्राइमरचं लहान-मोठं

लहान प्राइमरचा व्यास ०.१७५ इंच, मोठ्याचा ०.२१० इंच. फरक डोळ्यांना दिसतो, तरीही लोक नळी बदलतात आणि तिचं टोक बदलायला विसरतात, किंवा टोक बदलतात आणि कप तसाच ठेवतात. नळी, टोक आणि प्राइमर बसवणारा कप-पंच हा संच एकत्रच बदलायचा. काढलेला लहान संच एका पिशवीत घालून वर नाव लिहा.

बसवून झाल्यावर प्राइमर न भरता हँडल चालवा. कप नळीच्या बरोबर खाली येतोय का, आणि वर जाताना शेलप्लेटच्या भोकाच्या मधोमध येतोय का, ते बघा. इथे जरासाही तिरपेपणा असला की प्राइमर आडवा बसतो.

मोठ्या प्राइमरमध्येही पिस्तुलाचा आणि रायफलीचा वेगळा. मोठा रायफल प्राइमर उंचीला जास्त असतो, .४५ मध्ये बसवला तर बुडाच्या वर डोकावतो. .४५ एसीपी आणि .३०८ ची शेलप्लेट डिलनवर एकच आहे. दोन्ही भरणाऱ्यांच्या बाकावर दोन्ही मोठे प्राइमर असतात, त्यांनी डब्यावरचं नाव मोठ्याने वाचावं.

५. डाय लावणं

नवं टूलहेड रिकामं असेल तर क्रम असा: पहिल्या स्टेशनला साइझिंग आणि जुना प्राइमर काढणं, हँडल पुढे ढकलताना नवा प्राइमर बसवणं. दुसऱ्याला पावडर आणि केसचं तोंड किंचित रुंदावणं. तिसऱ्याला बुलेट बसवणं. चौथ्याला क्रिंप.

साइझिंग डाय: हँडल पूर्ण खाली ओढून शेलप्लेट वर आणा, डाय प्लेटला टेकेपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घ्या. लॉक रिंग आवळताना डायमध्ये एक केस असू द्या, डाय सरळ बसते.

तोंड रुंदावण्याचं काम पावडर फनेलच करतं, म्हणून ९ एमएमचं फनेल काढून .४५ चं घातलंय ना ते पुन्हा बघा. रुंदी फक्त इतकी हवी की बुलेट बोटाने ठेवली तर उभी राहील. जास्त केलं तर दोन-चार वेळा भरल्यावर केसच्या तोंडाला चिरा जातात.

सीटिंग डाय बुलेटच्या नाकाला धरून ढकलते, त्यामुळे गोल नाकाची आणि सपाट नाकाची बुलेट एकाच सेटिंगवर वेगवेगळ्या खोलीला बसते. .४५ एसीपीच्या काडतुसाची कमाल लांबी १.२७५ इंच, ९ एमएमची १.१६९. पण तुम्ही गाठायची लांबी लोड डेटामध्ये त्या बुलेटसाठी दिलेली असते. बुलेट ठरल्यापेक्षा आत गेली की आतली जागा कमी होते आणि दाब चढतो.

क्रिंपबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ९ एमएम आणि .४५ दोन्ही काडतुसं नळीच्या कोठीत (काडतूस बसतं त्या मागच्या भागात) आपल्या केसच्या तोंडावर टेकून उभी राहतात. त्यामुळे इथे टेपर क्रिंप लागतो, आणि तोही फक्त रुंदावलेलं तोंड पुन्हा सरळ करण्यापुरता. .४५ साठी तोंडाशी ०.४७० ते ०.४७२ इंच भरलं की पुरे. बुलेट धरून ठेवण्याचं काम क्रिंपचं नाही, साइझिंगमुळे आलेल्या घट्टपणाचं आहे. जास्त क्रिंप केलात तर उलट बुलेट सैल होते. तपासायला तयार काडतूस हातात धरून त्याचं नाक बाकाच्या लाकडावर दाबा आणि पुन्हा लांबी मोजा. कमी झाली असेल तर पकड नाही. रिव्हॉल्व्हरची .३८ किंवा .३५७ भरताना गोष्ट वेगळी, तिथे रोल क्रिंप (तोंड आत वळवणारा) लागतो. ती सवय इथे आणू नका.

६. पावडरची मात्रा: इथे घड्याळ काढून ठेवा

मेझर नव्या पावडर डायवर चढवा, फेलसेफ दांडी लावा आणि ती लावलीय हे पुन्हा बघा. तिच्याशिवाय पावडर बार मागे येत नाही. मग पुढच्या केसमध्ये पावडर कमी पडते किंवा पडतच नाही.

काटा सुरू करून थोडा वेळ तापू द्या. एसीचा झोत, पंखा, शेजारी ठेवलेला फोन यांनी आकडा हलतो. प्रमाण वजन ठेवून बघा. आणि काट्यावर एकक ग्रेन आहे का ते पाहा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६४.८ मिलिग्रॅम, ७००० ग्रेनचा एक पौंड. पुष्कळ काट्यांवर ग्रॅम आणि ग्रेन एकाच बटणावर बदलतात, आणि बटण चुकून दाबलं जातं.

लोड डेटातल्या सुरुवातीच्या मात्रेवर मेझर लावा, कमाल मात्रेवर नव्हे. पहिल्या काही मात्रा डब्यात परत ओता, पावडर बसायला तेवढा वेळ लागतो. नंतर एकेक मोजा. एकेक स्थिर आली की दहा मात्रा एकत्र मोजून दहाने भागा. काट्याची ०.१ ग्रेनची डोलाडोल अशी पुसली जाते. प्राइमर बसवलेली केस काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि पावडर टाकून पुन्हा ठेवायचं, ही युक्ती चालू कामात तपासायला सोयीची आहे.

आता ९ एमएमवरून येणाऱ्यांसाठी खास धोका. ९ एमएमची केस छोटी, पावडर चांगली वरपर्यंत दिसते. बऱ्याच पावडरींची दुप्पट मात्रा पडली तर ती सांडते किंवा बुलेट बसतच नाही. .४५ ची केस ऐसपैस आहे. तिच्यात पावडर तळाशी दिसते, आणि जलद जळणाऱ्या पावडरीची दुप्पट मात्रा आरामात मावते. ९ एमएमवर तयार झालेली नजर .४५ वर फसवते. भरीला ५५० वर शेलप्लेट हाताने फिरवायची असते. फोन वाजला, कुणी हाक मारली, फिरवायचं राहिलं आणि हँडल पुन्हा ओढलं की त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर. .४५ एसीपीसाठी कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठरवलेला आहे, ९ एमएमसाठी ३५,०००. म्हणजे .४५ चं पिस्तूल मुळात कमी दाबासाठी बनवलेलं, चूक पोटात घालण्याची जागा त्यात कमी.

उपाय एकच. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये, दर वेळी, उजेडात डोकावायचं. दिवा असा लावा की मान वाकवावी लागणार नाही. मधे कुणी बोलावलं तर शेलप्लेटवरच्या सगळ्या केस काढून टाका आणि परत आल्यावर नव्याने सुरू करा. चार केसचं नुकसान सोसतं. महामार्गावरच्या पाटीवरचं "अति घाई संकटात नेई" या टेबलावर चिकटवलं तरी हरकत नाही.

७. एकेक काडतूस, मग पूर्ण प्लेट

पहिलं काडतूस एकटंच चारही स्टेशनवरून न्या. प्रत्येक थांब्यावर काढून बघा: प्राइमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत आहे का, बोट फिरवून उंचवटा लागतोय का, तोंड कितपत रुंद झालं, लांबी, क्रिंप.

मग पिस्तुलाची नळी हातात घ्या, पिस्तूल अर्थातच रिकामं आणि उघडलेलं. काडतूस कोठीत सोडा. ते "टक्" असा आवाज करून स्वतःच्या वजनाने खाली बसायला हवं, बोटाने फिरायला हवं, आणि नळी उलटी केली की आपोआप पडायला हवं. न फिरल्यास बुलेट बहुधा नळीच्या आतल्या खाचांना टेकतेय, लांबी कमी करायची आहे. बसतच नसेल तर क्रिंप कमी पडलाय किंवा केस फुगलेली आहे. केस गेज उपयोगी आहे, पण अंतिम निर्णय तुमच्या नळीचा.

एकट्या केसवर लावलेली लांबी प्लेट पूर्ण भरली की हजारांश इंचांनी बदलते, कारण साइझिंगचा जोर प्लेटला एका बाजूला ओढतो. म्हणून चारही स्टेशनवर केस असताना पुन्हा मोजा आणि त्यावरच अंतिम आवळा. सुरुवातीला दहा-वीस काडतुसंच भरा. पहिल्याच दिवशी पाचशे भरणाऱ्याला बुलेट पुलरचा हातोडा आठवडाभर वाजवावा लागतो.

८. रेंजवर

पहिल्या काही गोळ्या एकेक करून झाडा, मॅगझिनमध्ये एकच भरून. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर लावा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही, स्लाइड मागे गेली नाही, तर थांबा. केसमध्ये पावडर नसेल तर नुसता प्राइमरच बुलेटला नळीत ढकलतो आणि ती मधेच अडकते. त्यामागून दुसरी गोळी झाडली की नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतोय हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी नाही. रेंजवर शेजारचा "स्लाइड ओढ आणि मार" म्हणेल, ऐकू नका.

रिकाम्या केस जपून ठेवा. सपाट झालेला प्राइमर, फुगलेलं बूड असं काही दिसलं तर ती मात्रा तिथेच थांबवा.

दुसरा प्रेस असेल तर

डिलन एक्सएल ७५०, जो २०१९ मध्ये ६५० च्या जागी आला, त्यात पाच स्टेशनं आहेत आणि शेलप्लेट आपोआप फिरते, त्यामुळे फिरवायला विसरून दुप्पट पावडर पडण्याचा धोका बराच कमी. मोकळ्या स्टेशनवर पावडर तपासणारी डाय लावता येते. मी तरी ती लावल्याशिवाय .४५ भरणार नाही. पण केसफीडरचे (केस आपोआप पुरवणाऱ्या जोडणीचे) भाग जास्तीचे बदलावे लागतात आणि वरच्या भांड्यातली चकतीही: ९ एमएमला लहान पिस्तुलाची, .४५ ला मोठ्या पिस्तुलाची. हॉर्नेडीच्या लॉक-एन-लोडवर टूलहेडच नसतं, प्रत्येक डाय आपल्या बुशिंगसकट फिरवून निघते. क्रम मात्र सगळीकडे हाच.

साठवण, चिठ्ठी आणि प्रवासाची बॅग

भरलेल्या डब्यावर चिठ्ठी हवी: कॅलिबर, बुलेटचं वजन आणि प्रकार, पावडरचं नाव आणि लॉट, मात्रा, लांबी, प्राइमर, तारीख. चिठ्ठी नसलेली काडतुसं दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याची घेऊ नका.

पावडर मूळ डब्यातच ठेवायची, थंड कोरड्या जागी. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे घरात मूळ डब्यांतून २० पौंडांपर्यंत धूरविरहित पावडर आणि १०,००० पर्यंत प्राइमर ठेवता येतात. तुमच्या गावाचे किंवा अपार्टमेंटचे नियम याहून कडक असू शकतात. प्राइमर काचेच्या बरणीत सुटे ओतून ठेवणं ही सर्वांत वाईट कल्पना. हॉपरमध्ये पावडर रात्रभर ठेवू नका, काही पावडरी प्लॅस्टिक खातात आणि डब्याचं नाव सकाळी आठवत नाही.

रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. अस्तरात, कोपऱ्यात एखादं काडतूस राहून जातं, आणि भारतातल्या विमानतळांवर एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. रिकामी केसही "फक्त पितळ आहे" म्हणून सोडतील याची खात्री नाही. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि घरच्यांनाही सांगून ठेवा की ती सुट्टीच्या सामानात कधीच भरायची नाही.